दात सरकतात ते हाडाच्या गतीने

अमरावती आणि अकोला येथील व्यापारी कुटुंबांत दातांना तार लावण्याचा विचार बहुधा दोन प्रसंगी होतो. मूल बारा-तेरा वर्षांचे होते आणि पुढे आलेले दात आरशात त्याचे त्यालाच खटकू लागतात, हा पहिला प्रसंग. घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, हा दुसरा. पहिला प्रसंग उपचाराच्या दृष्टीने सोयीचा असतो, दुसरा मात्र घाईचा. लग्न मार्गशीर्षात ठरलेले असते आणि मुलीला किंवा मुलाला दवाखान्यात नेले जाते ते श्रावणात. ‘आता नवे तंत्र आले आहे, तारेवाचून चार महिन्यांत काम होते,’ असे कोणीतरी सांगितलेले असते. नवे तंत्र आले आहे, हे खरे. परंतु त्याने काय बदलले आणि काय बदलले नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी समजून घेणे कुटुंबाच्या हिताचे आहे.

दात हा लाकडात ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते. दातावर सौम्य व सतत दाब दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड शरीरातील पेशी हळूहळू झिजवतात आणि मागे सुटलेल्या जागेत नवे हाड भरतात. या क्रियेने दात महिन्याला साधारणतः एक मिलिमीटर सरकतो. दाब दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही. उलट तेथील रक्तपुरवठा दबतो, दात अडतो आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणूनच दातांची बरीच गर्दी असेल, तर दीड ते दोन वर्षांचा काळ लागतो. उपकरण जुने असो वा नवे, हा हिशेब हाडाचा आहे.

मग गेल्या शतकात प्रगती झाली ती कशात? ती दाब अधिक सौम्य, अधिक अचूक आणि रुग्णाला सुसह्य करण्यात झाली. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड अँगल (1855–1930) यांनी वाकड्या दातांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण केले आणि या शाखेला स्वतंत्र स्थान मिळवून दिले. त्यांच्या काळी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. 1955 मध्ये डॉ. मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या आवरणावर सौम्य आम्ल लावून त्यावर राळ घट्ट चिकटवता येते, हे दाखवले. त्यातूनच पुढे कड्यांऐवजी छोटे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याची पद्धत आली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झालेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू 1970 च्या दशकात दातांच्या तारेसाठी वापरात आला. ही तार वाकवली तरी मूळ आकाराकडे परतू पाहते. त्यामुळे ती अनेक आठवडे मंद व अखंड दाब देते आणि वारंवार तार आवळण्याची गरज कमी होते. जबड्याच्या हाडात तात्पुरता बसवण्याचा, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा बारीक स्क्रू हे आणखी एक उपयुक्त साधन होय. त्याचा आधार घेतल्यास जे दात हलवायचे तेच हलतात, शेजारचे जागेवर राहतात.

सध्या सर्वाधिक बोलबाला आहे तो पारदर्शक अलाइनरचा. 1997 मध्ये कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. दोघेही दंतवैद्य नव्हते, व्यवस्थापनाचे विद्यार्थी होते. दात सरळ झाल्यावर ते टिकवण्यासाठी जो पारदर्शक साचा घालतात, तशा साच्यांची चढती मालिका केली तर दात हलवताही येतील, ही त्यांची कल्पना. आज दवाखान्यात पेनासारखा स्कॅनर तोंडात फिरवून दातांचे त्रिमितीय चित्र घेतले जाते. मळमळ आणणाऱ्या लगद्याचे माप त्यामुळे टळते. संगणकावर दातांचा पुढील प्रवास आखला जातो आणि त्यानुसार साच्यांची मालिका तयार होते. प्रत्येक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर पुढे नेतो आणि तो एक-दोन आठवड्यांनी बदलावा लागतो. दिवसातील वीस ते बावीस तास तो तोंडात राहिला, तरच आखणी खरी ठरते. संगणकाच्या पडद्यावर दात अर्ध्या मिनिटात सरळ होताना दिसतात. परंतु ते चित्र म्हणजे अंदाजपत्रक आहे, जमाखर्च नव्हे. दाताला मोठा पीळ असेल किंवा जबड्याच्या ठेवणीतच दोष असेल, तर अनेकदा तारच अधिक भरवशाची ठरते. कंपने देऊन दात लवकर हलवतो, असा दावा करणारी उपकरणेही बाजारात आली. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत मात्र त्यांचा ठोस लाभ सिद्ध झालेला नाही.

व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवावी अशी एक घटना अमेरिकेतच घडली. स्माइल डायरेक्ट क्लब या कंपनीने 2014 पासून साचे थेट ग्राहकाच्या घरी पाठवण्याचा व्यवसाय उभारला. दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याची गरज नाही आणि खर्चही कमी, हे तिचे आकर्षण होते. सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबर 2023 मध्ये ती बंद पडली. अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहिले आणि आयुष्यभराची म्हणून दिलेली हमीही संपली. माल उधारीवर देताना पेढीची पत पाहणारी माणसे दात हलवण्याचे काम मात्र केवळ जाहिरात पाहून सोपवतात, हे विसंगत नव्हे काय? हिरड्यांचा आजार, किडलेला दात किंवा हाडात अडकलेला सुळा ओळखण्यासाठी तपासणारा हात आणि क्ष-किरण चित्र लागते. टपालाने आलेला साचा ते ओळखू शकत नाही.

वऱ्हाडात अशा तपासणीची सोय दूर नाही. अमरावतीला विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, अकोल्यातही दंत महाविद्यालय आहे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आणि वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयांत वेळ अधिक द्यावा लागतो, मात्र खर्च सहसा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी असतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा येथून येणाऱ्या कुटुंबांनी महिन्याकाठची फेरी आधीच हिशेबात धरावी. डॉक्टर निवडताना पदवी अवश्य पाहावी. बीडीएसनंतर तीन वर्षे याच शाखेचा अभ्यास करून एमडीएस झालेले तज्ज्ञ ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणवतात.

उपचाराचा उरलेला अर्धा भाग घरात पार पडतो. तार असताना कडक खाखरा, चिक्की, अख्खी सुपारी आणि ऊस दातांनी सोलून खाणे वर्ज्य समजावे. ब्रॅकेट निघाला की उपचार लांबतो. अलाइनर वापरणाऱ्यांच्या घरी उकळलेले पाणी पिण्याची रीत असेल, तर एक दक्षता आवश्यक आहे. गरम पाण्याने साचा वाकतो. म्हणून पाणी पूर्ण निवल्यावरच साचा धुवावा आणि गरम पेय घेताना तो काढून ठेवावा. चौविहार पाळणाऱ्यांना येथे सोयच आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून, दात स्वच्छ करून साचा बसवला, की तो सकाळपर्यंत अखंड राहतो. अठ्ठाई किंवा दीर्घ उपवासाचा संकल्प असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. तार आवळल्यावर किंवा साचा बदलल्यावर दोन-चार दिवस दात दुखतात, तेव्हा ती तारीख तपश्चर्येच्या आणि पारण्याच्या दिवसांपासून दूर ठेवता येते.

मुलांची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास करून घेणे श्रेयस्कर. सर्वांनाच त्या वयात तार लागत नाही. परंतु जबड्याच्या वाढीतील दोष वाढीच्या वयातच अधिक सुलभतेने वळवता येतो. मोठेपणीही दात सरळ होतात, त्यासाठी हिरड्या निरोगी असल्या पाहिजेत.

आता प्रश्न उरतो तो चार महिन्यांवर आलेल्या लग्नाचा. गर्दी अगदी थोडी असेल, तर तेवढ्या काळात सुधारणा शक्य असते. एरवी ‘चार महिन्यांत सरळ’ या आश्वासनामागे अनेकदा निरोगी दात घासून त्यांवर कॅप बसवण्याचा मार्ग असतो. घासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. कॅप काही वर्षांनी बदलावी लागते आणि कधी आतली नसही दुखावते. विसाव्या-बाविसाव्या वर्षी केलेला हा खर्च आयुष्यभर चालू राहतो. त्यापेक्षा उपचार योग्य रीतीने सुरू करून, दातांवर दाताच्या रंगाचे ब्रॅकेट किंवा पारदर्शक साचा असताना लग्न होऊ द्यावे. समोरच्या घरी ते मोकळेपणाने सांगावे. त्यात कमीपणा नाही. छायाचित्रांसाठी निरोगी दात घासणे मात्र नुकसानीचा सौदा आहे.

उपचार संपल्यावरही दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यासाठी दातांमागे बारीक तार किंवा रात्री घालावयाचा रिटेनर दिला जातो, आणि तो बहुतेक घरांत काही महिन्यांतच कपाटात पडतो. तो किती वर्षे वापरावा लागेल, हरवल्यास नवा केवढ्याला पडेल आणि पुढील तपासण्यांचे शुल्क एकूण रकमेत धरले आहे की नाही, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून उत्तरे लिहून घ्यावीत.