पालक येत नाहीत म्हणता, पण बैठक ठेवता कधी?

तेरखेड्यात काय नि आसपासच्या गावांत काय, जिल्हा परिषद शाळेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आपले पालकच जागरूक नाहीत हो, बैठकीला कुणी येत नाही." मास्तर हेच म्हणतात, पुढारीही हेच. ज्यांची पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसतात, ते जरा जास्तच जोरात म्हणतात.

आता हिशेब बघू. बैठक बहुतेक वेळा शाळेच्या वेळेत. तेव्हा आई खुरपायला नाहीतर फटाक्याच्या कारखान्यावर, बाप दुसऱ्याच्या रानात. यायचं तर दिवसाची हजेरी बुडवायची. आणि येऊन काय? दोन भाषणं, चहा, रजिस्टरवर सही. आपलं पोरगं धडा वाचतं का, त्याला हातच्याची वजाबाकी येते का, हे कुणी सांगतच नाही. एकदा आलेला माणूस परत कशाला येईल?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम २१ म्हणतं, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, दुर्बल घटकांतल्या पालकांना जागा हवी. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा, अनुदान कुठं खर्च झालं हेही तिनेच बघायचं. कलम २४ प्रमाणे मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना नियमित सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. म्हणजे हा पालकांवर उपकार नाही, त्यांचा हक्क आहे.

मास्तरांवर ऑनलाइन माहितीचा नि सर्वेक्षणांचा बोजा आहे, मान्य. म्हणून तर गाव सोबत पाहिजे.

सगळ्यात मोठी परीक्षा पुढं आहे. दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतील. आई-बापाबरोबर पोरं फडावर गेली की चार-पाच महिने पाटी बंद. पोरं आजी-आजोबांजवळ गावातच राहावीत, म्हणून हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. पण गाड्या गेल्यावर यादी करून उपयोग काय? कुणी मुकादमाची उचल घेतली, हे अख्ख्या गावाला माहीत असतं. समितीने मनावर घेतलं तर एका संध्याकाळी यादी होते.

म्हणून मागणी साधी आहे. बैठक दिवेलागणीनंतर ठेवा, महिन्यातून एकदा तरी वस्तीवर, तांड्यावर घ्या. आजीलाही बोलवा, सहा महिने पोर तीच सांभाळते. प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाला काय येतं, काय येत नाही, ते समोर बसवून सांगा.

आणि गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा: आपल्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे, नावं वाचून दाखवा. स्वतःचं नाव ऐकून कुणी दचकलं, तर समिती कशी चालते ते तिथंच कळेल.