रिलीव्हर आला का?

बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या कुणालाही विचारा, ड्युटी संपताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कुठला? ‘रिलीव्हर आला का?’ तो येईपर्यंत जागा सोडायची नाही. आला की त्याच्यासमोर लॉगबुक उघडायचं, कुठला पंप आवाज करतोय, कुठला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे, कशाचं सॅम्पल लॅबला गेलंय, ते सगळं सांगायचं आणि मगच बस पकडायची. माणूस बदलला म्हणून रिअॅक्टर थोडाच थांबतो! (केमिकलवाला रिअॅक्टर म्हणतोय मी. तारापूरचा अणुवाला नव्हे.)

बायबलमधल्या मंडळींचे अखेरचे शब्द वाचताना मला हटकून हा शिफ्ट चेंज आठवतो. आपल्याला वाटतं, एवढी मोठी माणसं जाताना काहीतरी भव्यदिव्य बोलली असणार. बोललीही. पण ‘हे राहिलंय, तेवढं बघ’ हाच सूर जास्त.

दावीद राजाचंच घ्या. स्तोत्रं रचणारा, देवाचा लाडका. मरणाच्या दारात त्याने मुलाला, शलमोनाला बोलावलं. देवाच्या वाटेने चाल म्हणाला. वा! पुढे म्हणाला, बर्जिल्लयच्या मुलांना आपल्या पंगतीला घे, कारण मी अबशालोमापासून पळत होतो तेव्हा ती माणसं माझ्या पाठीशी उभी राहिली. हेही छान. पण त्याच दमात यवाब आणि शिमी या दोघांची नावंही दिली. यांना सुखाने मरू देऊ नकोस! त्यातल्या शिमीला ठार करणार नाही अशी शपथ खुद्द दाविदाने घेतलेली. म्हणजे शपथ बापाची, तलवार मुलाची. शलमोनाने दोघांचाही काटा काढला. यामागे राज्याची सुरक्षितता होती, असं काही जण समजावतात. मला तरी ते पटत नाही. आपली जुनी खुन्नस नव्या माणसाच्या टेबलावर ठेवून जाणारे बॉस आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ‘त्या अमक्यावर जरा लक्ष ठेव हं!’

आता पौल बघा. तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र हे त्याचं शेवटचं मानलं जातं. (ते त्याने स्वतः लिहिलं की शिष्याने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तो वाद सध्या बाजूला ठेवू.) रोममध्ये कैदेत आहे, मरण समोर दिसतंय. आपली धाव संपवली, विश्वास राखला, हे तो लिहितो आणि चर्चमध्ये तेच जास्त ऐकायला मिळतं. मला त्याच्या खालचा भाग आवडतो. त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये. पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण. आणि हिवाळ्याआधी ये! मरायला टेकलेल्या माणसाला पुस्तकं कशाला हवीत? पण त्याला हवी होती. थंडी वाजत होती, हेही त्याने लपवलं नाही.

तक्रारी त्याच्याही होत्या. आलेक्सांद्र तांबटाने मला फार त्रास दिला, तू सांभाळून राहा, असं तो लिहितो. पण फेड देवावर सोपवतो, तीमथ्यावर नाही. पहिल्या सुनावणीला माझ्या बाजूने कुणीच उभं राहिलं नाही, म्हणतो आणि लगेच लिहितो, हे त्यांच्या हिशेबात धरलं जाऊ नये. आता कळला फरक? ‘हा पंप गरम होतो’ हे लॉगबुकात लिहावंच लागतं. ‘त्याला बघून घे’ हे मात्र लिहायचं नसतं.

आणि मार्क! वर्षांपूर्वी हाच मार्क अर्ध्या दौऱ्यातून घरी परतला होता. त्याला पुन्हा न्यायचं की नाही, यावरून पौल आणि बर्णबा हे दोन जिवलग कडाक्याचं भांडून वेगळे झाले होते. शेवटच्या पत्रात पौल काय लिहितो? मार्कला घेऊन ये, तो मला कामाचा आहे. बस्स. माफीबिफीचं लेक्चर नाही, जुना विषयही नाही. एका ओळीत फाइल क्लोज.

हे फार लांबचं वाटत असेल तर आपल्याच पालघर जिल्ह्यातलं सांगतो. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला २५ साथीदारांसह क्रुसावर मारला गेला. त्यातल्या पौल मिकी या जपानी ब्रदरने क्रुसावरूनच मारणाऱ्यांना माफ केलं. दगडांचा मारा होत असताना स्तेफनानेही तेच केलं होतं.

पण मंडळी, खरं सांगू? आपल्यापैकी फार थोड्यांना असा सीन मिळणार आहे. आयसीयू, तोंडात नळी, काचेबाहेर घरचे. काहींना तेवढंही नाही. विरार-डहाणू पट्ट्यात रोज ट्रेन पकडणाऱ्यांना आणि प्लांटमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमचे अखेरचे शब्द ‘गाडी लेट आहे, जेवून घ्या’ असेही असू शकतात. मग हँडओव्हर कधी देणार?

येशूने क्रुसावरून आईला शिष्याच्या हाती सोपवलं. आपल्या भाषेत, नॉमिनेशन. तुमचं झालंय? लग्नाआधी पीएफला आईचं नाव दिलं असेल, तर लग्न होताच ते नॉमिनेशन बाद होतं, नवीन भरावं लागतं. ख्रिस्ती वाचकांनी तर आणखी जपावं. १९२५ च्या इंडियन सक्सेशन अॅक्टनुसार तुम्ही लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नानंतर आपोआप रद्द होतं. हिंदूंना हा नियम नाही. आणि त्या नळीबद्दल काही म्हणणं असेल तर तेही आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला मान्यता दिली. २०२३ मध्ये अटी सोप्या केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो.

राहता राहिलं काम. पंडिता रमाबाई आपलं बायबलचं मराठी भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. सगळ्यांना ते जमत नाही. रेव्हरंड टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि साठाहून जास्त अध्याय रचले. छापील ‘ख्रिस्तायन’ आलं १९३८ मध्ये. लक्ष्मीबाई १९३६ मध्येच गेल्या होत्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तने लिहिला.