यंत्र बरे की मोकळे वजन?



परवा दहावीच्या एका मुलाने मला विचारले, "सर, आमच्या गल्लीत नवी जिम निघाली आहे. तिथे मोठमोठ्या मशिनी आहेत. पण तिथली फी आम्हांला परवडत नाही. मग मी असाच अशक्त राहणार का?" बळ पैशाने विकत मिळते, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. मला तसे वाटत नाही.

आधी फरक समजून घेऊ. यंत्रात लोखंडी पाट्यांचे वजन तारेने कप्पीला जोडलेले असते. ते ठरलेल्या वाटेनेच वर-खाली होते. आपण फक्त ओढायचे किंवा ढकलायचे. डंबेल, बारबेल किंवा तालमीतले मुद्गल यांना अशी वाट नसते. ते कोणत्याही बाजूला कलू शकतात. त्यांना सावरण्यासाठी मनगट, खांदे, पोट, पाठ आणि पाय या सर्वांना एकजुटीने काम करावे लागते.

यंत्रे वाईट नाहीत. दुखापतीतून बरे होणाऱ्यांना, वृद्धांना आणि नवख्यांना ती सोयीची असतात. स्नायू यंत्रानेही वाढतात. पण जसा सराव, तसे बळ. पाण्याने भरलेला हंडा जिन्यावरून चढवताना किंवा आजारी आजीला खाटेवरून उठवताना वाट आखून देणारे यंत्र कुठे असते? तिथे तोल आपला आपणच सांभाळावा लागतो. म्हणून माझा कौल मोकळ्या वजनाला आहे.

सातारा जिल्ह्यातील खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. ते तालमीच्या मातीत घडलेले मल्ल होते. मणिपूरच्या मीराबाई चानू यांनी २०२१ साली टोकियोत ४९ किलो वजनगटात एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक जिंकले. त्यांच्या हातात होता तो मोकळा बारबेलच. मुलींनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

मात्र मोकळे वजन घाई सहन करत नाही. बी.एड.ला असताना मित्रांपुढे मिरवण्यासाठी मी न शिकताच जड बारबेल उचलला. कमरेत अशी उसण भरली की पंधरा दिवस मला धड वाकता येईना. दोष वजनाचा नव्हता, माझ्या उतावळेपणाचा होता.

म्हणून सुरुवात जोर-बैठकांनी करा. आपले शरीर हेच पहिले वजन आहे आणि त्याला फी लागत नाही. पुढे जाणकार शिक्षकांच्या देखरेखीखाली हलके वजन घ्या. पद्धत नीट जमल्यावरच ते हळूहळू वाढवा. जड वजन एकट्याने कधीही उचलू नका.

शेवटी एका शब्दाकडे तुमचे लक्ष वेधतो. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे मल्लांची व्यायामशाळा. शब्द एकच, अर्थ दोन. पण बळ कमवायचे असेल, तर हे दोन्ही अर्थ वेगळे करता येत नाहीत. त्या मुलालाही मी हेच सांगितले. आता तो रोज सकाळी घराच्या गच्चीवर जोर काढतो.