वीतभर अंतर

आपण बँकेत जातो, रुग्णालयात जातो, न्यायालयात तारखेला हजर राहतो, रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहतो. अशा ठिकाणी दोन-चार तास सहज जातात. मध्येच गरज भासली, तर आपण स्वच्छतागृह शोधतो आणि परत येऊन आपल्या जागी बसतो. ही गोष्ट इतकी सवयीची आहे की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. परंतु चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या व्यक्तीला घराबाहेर पडण्यापूर्वीच तिचा विचार करावा लागतो. जेथे जायचे, तेथे आपल्याला वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का, हा तिचा पहिला प्रश्न असतो. उत्तर नकारार्थी असेल, तर ती सकाळपासून पाणी पिणे टाळते. भर उन्हाळ्यातही कोरड्या घशाने काम उरकते, किंवा जाण्याचा बेतच रद्द करते.

हा त्रास काही तास सोसण्यापुरता नसतो. पाणी कमी प्यायल्याने आणि लघवी वारंवार रोखून धरल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. शरीराच्या हानीबरोबर संधीचीही हानी होते. तीन तासांची परीक्षा म्हणजे जाणे-येणे धरून पाच-सहा तास घराबाहेर राहणे. नोकरी म्हणजे रोजचे आठ तास. अभ्यास झालेला आहे, अंगी कौशल्य आहे, तरीही केवळ एका खोलीत प्रवेश करता येत नाही, म्हणून माणूस परीक्षेला बसत नाही, नोकरी स्वीकारत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी कितीजण आपल्याला कचेरीत, बाजारात, नाट्यगृहात दिसतात? ते दिसत नाहीत, म्हणून त्यांची सोय केली जात नाही. आणि सोय नसते, म्हणून ते दिसत नाहीत. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडावयास हवे.

ते तोडण्यासाठी मोठे शोध लावण्याची गरज नाही. प्रश्न बहुधा वीतभर अंतराचा असतो. चाकाच्या खुर्चीची रुंदी साधारणपणे दोन ते सव्वादोन फूट असते. अडीच फुटी दार पुरेसे आहे असे कागदावर वाटते; पण चौकटीची आणि उघडलेल्या फळीची जाडी वजा जाता तेथून खुर्ची जेमतेम सरकते, आणि चाके फिरवणाऱ्या हातांची बोटे चौकटीवर घासतात. म्हणून दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दार बाहेरच्या बाजूस उघडावे किंवा सरकते असावे. आत कोणी पडले, तर आतल्या बाजूस उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडून बसते आणि मदत पोहोचू शकत नाही. खुर्ची वळवण्यासाठी आत १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर उंचीवर असली, म्हणजे खुर्चीवरून तिच्यावर सरकणे सोपे जाते. त्यासाठी भिंतीत घट्ट रोवलेल्या आधाराच्या दांड्या हव्यात. कारण माणसाचा सारा भार क्षणभर त्या दांड्यांवर येतो.

केवळ चाकाच्या खुर्चीचा विचार करूनही भागत नाही. आपल्याकडे स्वच्छतागृहाची फरशी बहुधा ओली असते. कुबड्या घेऊन चालणाऱ्याला गुळगुळीत ओली फरशी म्हणजे साक्षात अपघाताचे निमंत्रण. अंध व्यक्तीला दाराशेजारी उठावाची अक्षरे आणि ब्रेल पाटी हवी. मंददृष्टी व्यक्तीला पांढऱ्या भिंतीवरची पांढरी दांडी दिसत नाही. ती वेगळ्या रंगाची हवी. बोटांत बळ नसलेल्याला गोल मुठीचा नळ फिरवता येत नाही. दांडीचा नळ मनगटानेही उघडता येतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अनेकांना सोबतीच्या मदतीवाचून स्वच्छतागृह वापरता येत नाही. वृद्ध आईला मुलगा घेऊन आला आहे, किंवा पतीला पत्नी घेऊन आली आहे. त्यांनी ‘स्त्रिया’ अशी पाटी असलेल्या दारातून जावे की ‘पुरुष’ अशी पाटी असलेल्या? अशा वेळी दोघांचीही कुचंबणा होते. म्हणूनच स्त्री-पुरुष कोणालाही वापरता येईल असे, स्वतंत्र प्रवेशाचे एक तरी सुगम्य स्वच्छतागृह प्रत्येक इमारतीत असणे आवश्यक आहे.

कायद्याने ही गोष्ट केव्हाच मान्य केली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात चाकाच्या खुर्चीसाठी योग्य स्वच्छतागृहांची तरतूद होती. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाटही तिच्यासोबत होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने पाऊल पुढे टाकले. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक इमारत ठरते. सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी देऊ नये, असे हा कायदा सांगतो. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती जून २०२२ मध्ये संपली. पुढे १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सर्व न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग व तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वच्छतागृहे असावीत, असा आदेश दिला. अशी सोय मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

तरीही अनेक ठिकाणी काय आढळते? दारावर खुर्चीचे चित्र आहे, पण दाराला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. कोठे आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग आहे, तर कोठे सारे व्यवस्थित असूनही दारापाशी दोन पायऱ्या आहेत. कागदोपत्री ही स्वच्छतागृहे पूर्ण झालेली असतात. माणसाच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा आहेत.

‘चार माणसांसाठी एवढा खर्च कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. आराखड्याच्या कागदावर भिंत वीतभर सरकवायला पेन्सिल पुरते. बांधून झालेली भिंत सरकवायची तर ती पाडावी लागते. खर्च वाढतो तो उशिरा विचार केल्यामुळे. शिवाय ही माणसे चारच नसतात. गुडघे दुखणारे आजोबा, दिवस भरत आलेली गर्भवती, पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण, या साऱ्यांना तीच दांडी आणि तेच रुंद दार उपयोगी पडते. वार्धक्य तर आपल्यापैकी कोणालाच चुकलेले नाही.

ही जबाबदारी एकट्या सरकारची किंवा वास्तुशास्त्रज्ञाची नाही. दांडी किती खोल रोवायची, फरशी कोणती बसवायची, उंबरठा ठेवायचा की काढायचा, हे अखेरीस गवंडी, सुतार आणि नळजोडणी करणारा कारागीर यांच्या हातून ठरते. कुलूप उघडे ठेवणे हे व्यवस्थापकाच्या हाती असते. आणि ‘तुमच्या इमारतीत सुगम्य स्वच्छतागृह कोठे आहे?’ एवढे विचारणे तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे. स्वतःला गरज नसतानाही हा प्रश्न विचारणारे नागरिक वाढले, तर पुष्कळ कुलुपे निघतील.