क्वेबेकच्या वाट्याचा बर्फ

प्रति,
संचालक मंडळ, नॅशनल हॉकी लीग, न्यूयॉर्क



आपल्या लीगच्या नावात ‘नॅशनल’ आहे. २६ नोव्हेंबर १९१७ ला मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात ती स्थापन झाली, तेव्हा हे राष्ट्र कोणतं असं कुणी विचारलं नसतं. सगळे संघ कॅनडाचेच होते. पहिला अमेरिकी संघ, बोस्टन ब्रुइन्स, १९२४ मध्ये आला. आज ३२ पैकी २५ संघ अमेरिकेत आहेत.

मराठी माणसाला हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरचीच. तिथे थंडीत परसात पाणी सोडून मुलांसाठी मैदान गोठवतात, आणि २००२ च्या पाच डॉलरच्या नोटेवर खेळणारी मुलंच छापलेली होती. म्हणून ९ ऑगस्ट १९८८ ला या खेळाचा महानायक वेन ग्रेट्झकी एडमंटनहून लॉस एंजेलिसला विकला गेला, तेव्हा नेल्सन रीस या खासदारांनी सरकारने हा सौदा अडवावा अशी मागणी केली. विकणारा मालक कॅनडातलाच होता, हेही विसरता येत नाही.

खरी जखम मात्र क्वेबेक सिटीची.

नॉर्डिक्स हा तिथला संघ. जर्सीवर क्वेबेक प्रांताच्या झेंड्यातलं लिलीचं फूल, प्रेक्षकांची बोली फ्रेंच, आणि मॉन्ट्रियलशी असं वैर की १९८४ च्या गुड फ्रायडेचा सामना आजही मारामारीसाठीच आठवला जातो. १९९४-९५ च्या हंगामात हा संघ पूर्व विभागात पहिला आला. पण तिकिटांचे पैसे कॅनडाच्या कमजोर डॉलरमध्ये यायचे आणि खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागायचे. संघ विकला गेला, डेन्व्हरला गेला. कर्णधार ज्यो सॅकिकने जून १९९६ मध्ये लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप उचलला तो कोलोरॅडोच्या जर्सीत. क्वेबेकने वाढवलेलं झाड दुसऱ्याच्या अंगणात फळाला आलं. त्याच वर्षी कॅनडातल्याच विनिपेगचा संघ फिनिक्सच्या वाळवंटात गेला.

वाळवंटात हॉकी रुजत नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ऑस्टन मॅथ्यूज त्याच वाळवंटी अ‍ॅरिझोनात वाढला आणि टोरंटो मेपल लीफ्सकडून खेळला. सरकारी मदतीचा मार्गही कॅनडाच्या जनतेनेच नाकारला: जानेवारी २००० मध्ये मंत्री जॉन मॅनली यांनी संघांसाठी मदत जाहीर केली आणि लोकांचा संताप पाहून तीन दिवसांत मागे घेतली. खेळावर जीव असला, तरी करोडपतींचे पगार करातून भरायला लोक तयार नव्हते. ते योग्यच होतं.

तक्रार वेगळी आहे. फिनिक्सला आपण वर्षानुवर्षं सांभाळून घेतलंत. २००९ मध्ये कॅनडाचे उद्योगपती जिम बाल्सिली तो संघ हॅमिल्टनला नेऊ पाहत होते, तेव्हा आपण न्यायालयात विरोध केलात. तो संघ शेवटी २०२४ मध्ये युटाला गेला. क्वेबेक सिटीने २०१५ मध्ये व्हिडिओट्रॉन सेंटर बांधून उघडलं, शहरासाठी रीतसर अर्जही झाला. २०१६ मध्ये नवा संघ मिळाला तो फक्त लास व्हेगासला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या स्टेडियमवर लॉस एंजेलिस किंग्ज सरावाचे सामने खेळले, तेही क्वेबेक सरकारने लाखो डॉलर मोजल्यावर. कॅनडाचा प्रेक्षक कुठे जाणार नाही, हे आपण गृहीत धरलंत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच प्रेक्षकाचा राग आपल्या कानांवर पडला. कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य करण्याची भाषा वॉशिंग्टनहून चालू असताना, आपल्याच चार देशांच्या स्पर्धेत मॉन्ट्रियलच्या प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. कॅनडा-अमेरिका सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. पाच दिवसांनी बोस्टनमध्ये याच दोन संघांच्या अंतिम सामन्यात कॉनर मॅकडेव्हिडने जादा वेळेत गोल केला आणि कॅनडा ३-२ ने जिंकला.

पुढचा विस्तार कराल तेव्हा क्वेबेक सिटीचा अर्ज आधी वाचा. नकारच द्यायचा असेल, तर कारण त्या शहराला लेखी कळवा, आणि फ्रेंचमध्ये.

कळावे.