मिसळायचे कुठे?

‘आफ्रिकी विद्यार्थी आपापला घोळका करून राहतात, पुण्यात मिसळत नाहीत’ ही पत्रलेखकाची तक्रार वाचली. मिसळायचे कुठे? आमच्या कोंढव्यात फोनवर ‘फ्लॅट रिकामा आहे’ म्हणणारे मालक दारात सुदानी मुलगा दिसला की ‘कालच गेला हो’ म्हणून मोकळे होतात. परदेशी भाडेकरूसाठी २४ तासांत सरकारी फॉर्म भरावा लागतो, हे खरे. पण जर्मन भाडेकरू आला की तोच फॉर्म कुणाला जड जात नाही. मग ही मुले एकमेकांच्याच खोलीवर जमतात. आमच्या वरच्या मजल्यावर टांझानियाची मुले रविवारी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घोटतात. नवख्याला सिमकार्डापासून परीक्षेच्या अर्जापर्यंत सगळे तिथेच कळते. हा घोळका असेल, तर लंडनला १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने निघालेले महाराष्ट्र मंडळ काय होते? याच पुण्यात मॉरिशसच्या एका आजारी विद्यार्थ्याचे हाल पाहून डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ साली ‘सिम्बायोसिस’ ही संस्था काढली, हेही पत्रलेखकाला ठाऊक असेलच. पत्रलेखकाच्या इमारतीत एखादा फ्लॅट रिकामा असल्यास जरूर कळवावे. वरच्या दोघांचा भाडेकरार जूनमध्ये संपतो आहे.

– एक वाचक, कोंढवा, पुणे