शिल्लक पाहून खर्च

माझ्या भाचीला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. शरीराचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचे आवरण पोखरते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. १८६८ साली पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी वर्णिलेला हा आजार आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला. घरच्यांना मात्र तो दिसत नाही. ‘अगं, चांगली तर दिसतेस!’ असे मीही म्हणून बसलो होतो.

उकाडा वाढला की तिचे पाय जड होतात. म्हणून सकाळच्या गारव्यात ती एकच काम ठरवते: पोळ्या, नाहीतर मुलीचा अभ्यास. दुपारी न चुकता आडवी होते. आठवड्यातून एकदा पेटी वाजवते, केवळ स्वतःसाठी.

बँकेत मी जन्मभर लोकांना शिल्लक पाहून खर्च करायला सांगितले. तिला ते साधले आहे. तिच्या खात्यातून आपण घरच्यांनी परस्पर उचल करू नये, एवढेच.